हाय थोडंसं

आमच्या फाट्यावर एसटी थांबते ती नावापुरती. त्या दिवशी कंडक्टर दारावर थापा मारत होता, माझा नवरा पत्र्याची पेटी आत ढकलत होता, आय पदर तोंडाला लावून रडत होती आणि बा रस्त्याच्या कडेला सागाला टेकून उभा होता. आम्हांला सोडायला तो आलाच नव्हता, सहज त्या वाटेने चालला होता, असं काहीतरी त्याला दाखवायचं होतं. बस हलली तशी दोन पावलं पुढे येऊन त्याने खिडकीतून एवढंच विचारलं, "पाण्याला सांगितलंस ना, जाने?"

मी मान हलवली.

मी सांगितलं नव्हतं. पाड्यावरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखेच खाली उतरून मनोर, पालघर, बोईसरला पांगलेल्यांनो, ही गोष्ट सांगायला मला सहा वर्षं लागली. आज लिहून टाकते. वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी पूर्ण वाचा.

'पाण्याला सांगणं' म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक आहे, पण ह्या चाळीत जन्मलेल्या आपल्या पोरांना ते कोण सांगणार? म्हणून लिहिते. आपल्याकडे भाताची कापणी उरकली की माणसं जगायला जातात. कामाला जातात असं कोणी म्हणत नाही, जगायला जातात. वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर, कंपनीत. निघायच्या सकाळी झिऱ्यावर, म्हणजे पाड्याच्या खोल झऱ्यावर, जायचं, ओंजळभर पाणी प्यायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "जरा खाली जाऊन येतंय." पाण्याला न सांगता गेलेल्या माणसाला पाणी ओळखत नाही, असं बा म्हणायचा. मी बारावी शिकलेली. मला ते पटायचं नाही, पण न सांगता मी कधी गेलेही नव्हते. त्या सकाळी मात्र मी हंडा घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत गेले आणि परत आले. पाण्याला तोंड दाखवायची मला लाज वाटली.

त्याचं कारण एक कागद होता.

लग्नाच्या आदल्या वर्षी आपल्याकडे सर्व्हेवाले आले होते, ते आठवत असेल. निळ्या टोप्या, तीन पायांवरची दुर्बीण, एक जीप आणि दोन इंजिनियर. आपल्या डोंगरातून पश्चिमेला जाणारं नदीचं पाणी अडवायचं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचा आणि ते पाणी घाटापलीकडच्या कोरड्या रानात शेतीला सोडायचं, अशी ती योजना. शाळेच्या ओट्यावर सभा झाली. मोठ्या साहेबांनी नकाशा टांगला आणि समुद्राकडे बोट दाखवून सांगितलं, की हे सगळं पाणी दरवर्षी वाया जातं. सभा संपल्यावर बा मला म्हणाला, "आपल्याकडून जातं म्हून वाया का गं?" मी हसले. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं.

दोघा इंजिनियरांपैकी एकाला मराठी जेमतेम यायची आणि दुसऱ्याला पुण्याची यायची. आपल्या म्हाताऱ्यांचं बोलणं दोघांनाही कळेना. पाड्यावर बारावी झालेली मी एकटी, म्हणून त्यांनी मला मदतीला घेतलं. मलाही एक निळी टोपी मिळाली. त्या टोपीचा मला किती तोरा होता ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. मी पुढे चालायचे, मागे साहेब. माझं काम सोपं होतं. डोंगरातला प्रत्येक झरा, प्रत्येक विहीर दाखवायची, तिथल्या जाणत्या माणसाला विचारायचं आणि फॉर्म भरायचा. नाव, जागा, किती घरं पाणी भरतात, आणि शेवटी दोन चौकोन. बारमाही. हंगामी. एकात बरोबरची खूण करायची आणि खाली शेऱ्यात तोच शब्द अक्षरात लिहायचा.

आमच्या झिऱ्याचा जाणता माणूस म्हणजे बा. दर शिमग्यानंतर झिऱ्यातला गाळ काढायचा मान आमच्या घराचा आहे. बा खाली उतरतो, घमेलं भरून वर देतो, आणि त्या दिवशी तो कोणाशी मोठ्याने बोलत नाही. त्या झिऱ्यातून मी सात वर्षांची असल्यापासून पाणी भरलं. वैशाखात नागलीच्या रानात भेगा पडायच्या, विहिरींचे तळ दिसायचे, दुसऱ्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर तीन-तीन भांडी घेऊन आमच्याकडे यायच्या, आणि झिरा आपला गार पाण्याने काठोकाठ. एकदाही आटलेला मी पाहिला नाही. बानेही पाहिला नाही, त्याच्या बानेही नाही.

पण हे तोंडाने बोलायचं नाही. कोणी विचारलं, पाणी हाय का, तर आपल्याकडचं उत्तर ठरलेलं. "हाय थोडंसं." भरल्या झिऱ्याशेजारी उभं राहूनही हेच म्हणायचं. तान्ह्या पोराला कोणी गुटगुटीत म्हटलं की आय कशी पटकन म्हणायची, "कुठलं, खातच नाय मेला," तसंच ते. पाण्याला स्वतःची स्तुती ऐकू आली की ते वाट बदलतं. मी लहान असताना एकदा पाहुण्यांपुढे "आमच्या झिऱ्याला मोप पाणी हाय" असं म्हणून गेले होते. बाने मला मारलं नाही, पण दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही आणि सकाळ-संध्याकाळ झिऱ्यावर जाऊन पाहून येत होता.

तर साहेबांनी मला विचारायला सांगितलं आणि मी विचारलं, "बा, झिरा आटतो का?"

बाने पाण्याकडे पाठ केली, आवाज बारीक केला. "काय सांगू सायेब. थोडंसं असतं. चैतात तर नसल्यासारखंच."

पुण्याच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हंगामी?"

बा माझ्यासमोर उभा होता. पाणी त्याच्या पायाशी होतं, हलत होतं. मी 'बारमाही' म्हटलं असतं तर ते मी बाच्या तोंडावर, पाण्याच्या कानावर म्हटलं असतं. आणि खरं सांगते, एवढंच कारण नव्हतं. ऊन चढलं होतं, अजून दोन झरे बाकी होते, जीप दुपारी जाणार होती आणि मला मनोरच्या बाजारात बांगड्या घ्यायला त्यांच्याबरोबर जायचं होतं. बाजूला घेऊन साहेबांना सांगता आलं असतं. वाटेत जीपमध्ये सांगता आलं असतं. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, हंगामी. बाने अंगठा उठवला. साहेब म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं."

मनोरला मी हिरव्या बांगड्या घेतल्या.

त्या चौकोनाचा अर्थ मला पुढे महिन्याभराने कळला. शाळेच्या भिंतीवर एक यादी लागली. बारमाही पाण्याच्या जागांपासून बोगदा दूर ठेवायचा, किंवा मग तिथे आधी नळाची सोय करून द्यायची, असं काहीसं त्यात लिहिलं होतं. आमच्या झिऱ्याचं नाव यादीत नव्हतं. मी ती यादी दोनदा वाचली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले. कोणालाच काही बोलले नाही. बोगदा होईल की नाही कोणाला ठाऊक, अशा गोष्टी कागदावरच राहतात, असं मी मनाला समजावत होते. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, आणि पाऊस संपल्यावर आम्ही फाट्यावर उभे होतो.

बोईसरची पहिली आठवण वासाची आहे. एमआयडीसीतल्या औषधांच्या आणि रंगांच्या कंपन्यांचा तो वास नाकातून घशात उतरतो आणि तिथे जेवणापर्यंत बसून राहतो. आता मला तो येत नाही. गावाहून कोणी आलं आणि त्याने नाकाला रुमाल लावला की मला आठवतं, अरे हो, वास आहे. नवरा डाईंगच्या कंपनीत, मी पॅकिंगला. 'शिफ्ट', 'गेटपास', 'ओटी', 'सुपरवायझर', हे शब्द मी इथे शिकले. लाईनमधल्या बायकांबरोबर हिंदी शिकले, तीही अशी की माझा नवरा हसतो. चाळीत चौदा खोल्या आणि एक नळ. नळ आला की कोणीतरी ओरडतं, "पानी आ गया", आणि चौदा घरांच्या बादल्या एकदम बाहेर येतात. हे पाणीसुद्धा आमच्याच बाजूच्या डोंगरांतून, सूर्या नदीच्या धरणातून येतं. त्या धरणाखाली ज्यांची रानं गेली त्यांतली माणसं खाली पालघरच्या बाजूला वसवलेली आहेत. त्यांच्यातली एक बाई आमच्याच लाईनवर आहे. ती नळाला नळ म्हणत नाही, "आमची नदी आली का" असं विचारते, आणि सगळ्या हसतात. मीही हसते.

बा एकदाच आठ दिवस राहायला आला. तारापूरला समुद्र पाहून आला, शिरगावचा किल्ला पाहून आला, आणि तिसऱ्या दिवशी नळाजवळ उभा राहून मला विचारलं, "ह्याचा गाळ कोन काढतं?" मी म्हटलं, कोणी नाही, आपोआप येतं. त्याने वाकून तोटीत पाहिलं. सहाव्या दिवशी जातो म्हणाला. आठ दिवस मीच हट्टाने ठेवून घेतला.

आमच्या शेजारच्या खोलीत मंगलताई राहते. घाटापलीकडची, गोदावरीच्या खोऱ्यातली. पाच एकर जमीन आणि त्यात बाभळी. विहीर कोरडी पडली, बोअर कोरडे गेले, तेव्हा नवरा-बायको इथे आले. मंगलताई मनाने इतकी साधी आहे, की तिच्याशी भांडायचं ठरवलं तरी जमणार नाही. माझ्या बाळंतपणात तिने मला चाळीस दिवस पाण्याला हात लावू दिला नाही, माझा हंडा तीच भरायची. आणि मंगलताई आपल्याच बोगद्याची वाट पाहते आहे. तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर त्याचे व्हिडिओ येतात. भलं मोठं यंत्र, पिवळे दिवे, आणि खाली गाणं. "पानी आलं की आमी परत जानार बगा," ती सांगते. "पयल्या वर्साला गहू करनार. तुमाला पोतं पाठवते." बोगद्याचं काम आमच्या डोंगराला भिडलं अशी बातमी आली तेव्हा तिने चाळीत गूळ-शेंगदाणे वाटले. मी हात पुढे केला, तिने त्यावर ठेवले, मी खाल्ले. गूळ गोडच होता, काय करणार.

तिला मी आजवर सांगितलेलं नाही, की बोगदा आमच्या झिऱ्याखालून जातो. ती दर उन्हाळ्यात विचारते, "तुमच्या गावाकडं पानी हाय का?" आणि मी सवयीने म्हणते, "हाय थोडंसं." त्यावर ती हळहळते, "तुमच्याकडंबी ओढच म्हना की."

बाशी फोनवर दर रविवारी बोलणं होतं. त्याच्या फोनला रेंज यायला त्याला टेकडीवर चढावं लागतं, म्हणून बोलणं थोडं आणि धापा जास्त. मी विचारते, पाणी कसं हाय? तो म्हणतो, हाय थोडंसं. मला बरं वाटतं. दोन वर्षांपूर्वी सुरुंग सुरू झाले, भांडी मांडणीवरून खाली पडतात असं आय सांगायची. मी विचारायचे, पाणी? हाय थोडंसं. सुरुंग थांबले, यंत्र आत गेलं. पाणी? हाय थोडंसं. दर रविवारी ते दोन शब्द ऐकले की माझा आठवडा निघायचा. मी केलेली खूण कोणाला लागली नाही, असं वाटायचं.

ह्या वर्षी शिमग्याच्या आधीच्या रविवारी मी विचारलं आणि बा म्हणाला, "भरपूर हाय."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालास?"

"भरपूर हाय, जाने. तू नको कालजी करू."

फोन ठेवला आणि मी उंबऱ्यात बसले. नवऱ्याने विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, झिरा गेला. त्याला आधी कळलं नाही, मग कळलं. तोही वरचाच आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी पालघर, मनोर करत वर गेले. तुम्ही तिथे होतात, तुम्ही रोज पाहता, तुम्हांला काय सांगायचं. रस्त्याच्या कडेला निळे ड्रम रांगेत, टँकरची वाट पाहत. ज्या पाड्यावर तीन गावच्या बाया पाण्याला यायच्या, त्या पाड्याच्या बाया रस्त्यावर उकिडव्या बसलेल्या. मी झिऱ्यावर गेले. खाली दगड होते, पांढरे, सुके. ते दगड मी जन्मात कधी पाहिले नव्हते. इतकी वर्षं आपण ह्यांच्यावरून पाणी भरलं आणि हे असे दिसतात, एवढंच मनात आलं. मग मी रडले. मोठ्याने रडले, आय फाट्यावर रडली होती तशी.

बा मागून आला. त्याच्या हातात घमेलं होतं, शिमग्यानंतर गाळ काढायचा म्हणून ते धुवायला काढलं होतं. कशाने धुणार होता, देव जाणे. मी तिथेच त्याला सगळं सांगितलं. चौकोन, हंगामी, जीप, बांगड्या. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाला, "मी सांगितलं तेच लिवलंस ना?"

"पण बा, तू त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"मी त्यांच्याशी कुठं बोलत होतो? पाणी ऐकत होतं."

"मग फोनवर भरपूर का म्हणालास?"

तो खाली उतरला आणि सुक्या दगडावर बसला. "आता काय थोडं म्हन, काय भरपूर म्हन," तो म्हणाला. "ऐकायला कोन हाय?"

परतीच्या वाटेवर मी पालघरला उतरले आणि बोगद्याच्या योजनेच्या कार्यालयात गेले. तिथला माणूस वाईट नव्हता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर आमच्या झिऱ्याचा कागद शोधून काढला आणि पडदा माझ्याकडे वळवला. माझं अक्षर मी लगेच ओळखलं. 'ह'ची शेपटी मी अजून तशीच काढते. खाली बाचा अंगठा. "ताई, नोंद हंगामी आहे," तो म्हणाला. "हंगामी झरा उन्हाळ्याच्या तोंडावर आटला, तर बोगद्यामुळे आटला असं कसं म्हणायचं?" मी म्हटलं, हे मीच लिहिलंय आणि ते चूक आहे. तो म्हणाला, मग तेव्हा चूक का लिहिलं? मी त्याला सांगू लागले, आमच्याकडे पाण्याची स्तुती करत नाहीत, पाणी ऐकतं. त्याने खरंच शांतपणे ऐकून घेतलं. मग कीबोर्डवर हात ठेवून मला विचारलं, "हे कुठल्या रकान्यात लिहू?"

मी अर्ज लिहून दिला, त्याने शिक्का मारून पोच दिली, ती माझ्या पेटीत आहे.

नवरा म्हणतो, तू बारमाही लिहिलं असतंस तरी बोगदा वळला नसता, एका शब्दाने कधी डोंगर वळतो का? असेलही तसं. मी रात्रंदिवस त्यावर विचार करून पाहिला. तो म्हणतो ते खरं असेल तर मी निर्दोष आहे, पण मग आपण सगळेच इतके लहान आहोत की आपण काय लिहितो, काय बोलतो, ह्याने कशालाच काही फरक पडत नाही. आणि ते खोटं असेल तर झिरा मी घालवला. ह्या दोन्हींतलं बरं कुठलं ते मला ठरवता येत नाही. इथे चल म्हणून मी बाच्या पाया पडले. तो म्हणाला, गाळ कोन काढेल? आयने सांगितलं, शिमगा झाल्यावर तो सुक्या झिऱ्यात उतरला, माती काढली, दगड पुसले, आणि नेहमीसारखा दिवसभर कोणाशी मोठ्याने बोलला नाही.

लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं? रेशनकार्ड बोईसरचं, मतदानही बोईसरला, पोरगी इथल्या शाळेत. मला वाटायचं, ज्या पाण्याबद्दल आपण जपून बोलतो ते आपलं घर. बोईसरच्या नळाबद्दल मी कधी जपून बोलले नाही. आला तर आला म्हणते, नाही आला तर शिव्या घालते. आता जपून बोलावं असं कुठलंच पाणी मला उरलेलं नाही.

गावाहून परत आले त्याच्या दुसऱ्या सकाळी नळावर मंगलताई होती. तिचा हंडा भरत होता. घाटापलीकडे कालव्याचं खोदकाम तिच्या शिवारापर्यंत आलं होतं, त्याचा फोटो तिने मला तिथेच दाखवला. लाल मातीचा लांबलचक चर, आणि कडेला तिचा दीर कमरेवर हात ठेवून उभा. मग फोन कनवटीला खोचून तिने नेहमीचं विचारलं, "आन् तुमच्या गावाकडं? पानी हाय का?"

सहा वर्षांचं उत्तर ओठांवर आलं आणि तिथेच अडलं.

"भरपूर हाय," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा फुलला, की मला तिच्याकडे बघवेना. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "माजा जीव खालीवर व्हायचा. म्हनलं, आमच्याकडं पानी येतंय ते कुनाचं तोडून तर येत नसंल?" तिने आपला अर्धाच भरलेला हंडा बाजूला ओढला, माझा नळाखाली सरकवला आणि पुन्हा एकदा, खात्रीसाठी विचारलं, "म्हंजी आमचं आलं तरी तुमचं ऱ्हाईल ना गं?"

मी मान हलवली.